पाचवा हात

माईकचं बटण दाबलेलं होतं आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' इथपर्यंत सगळं नीट झालं, 'अमळनेर, बेटावदमार्गे' हेही झालं, आणि पुढे गावाचं नाव काही केल्या येईना. नाव कुठलं, तर शिंदखेडा. माझ्या सासरचा तालुका. जळगावच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून मी ते नाव इतक्या वेळा उच्चारलंय की झोपेतही सांगेन, फलाटाच्या आकड्यासकट. आणि आज सगळ्या स्टँडवर कर्ण्यांतून नुसता माझा श्वास ऐकू जात होता. खाली एक म्हातारी पिशवी छातीशी धरून वर कर्ण्याकडे बघत उभी राहिली. काचेपलीकडून कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बोला ना, गाडी सुटायचीय." मी बटण सोडलं, घोटभर पाणी प्याले, पुन्हा दाबलं आणि नाव सांगून टाकलं. म्हातारी गाडीत चढली, गाडी गेली, कुणाच्या काही लक्षातही राहिलं नसेल. मला मात्र तेवढ्या वेळात कळलं होतं की ह्यांना दिवसभर कसं वाटत असेल. शब्द समोर उभा आहे, ओळखीचा आहे, आणि दार काही उघडत नाही. मला असं कळून घ्यायचं नव्हतं. मी बाहेरून बघणारी होते, तेच बरं होतं.

हे म्हणजे प्रेमराज, माझा नवरा. नशिराबादच्या रस्त्याला मोटार वायंडिंगचं दुकान. रावेरपासून केळीवाले पंपाच्या जळक्या मोटारी घेऊन यायचे, कारण ह्यांच्या हातची वायंडिंग टिकते असं नाव होतं. आणि तोंड? तोंड अखंड चालू. शेतकऱ्याशी, हेल्परशी, मोटारीशीसुद्धा. "अवं बाई, कशी जळनी तू?" असं मोटारीला विचारायचे. आम्ही दोघं बोलायला लागलो की शेजारी टीव्ही बंद करून ऐकायचे, असं आमची मयुरी म्हणते. पोळ्याच्या सुमारास एका रविवारी दुकानात तार गुंडाळता गुंडाळता हे स्टुलावरून खाली घसरले. लकवा. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. चालणं फिजिओथेरपीनं थोडं आलं, काठीनं खुरडत संडासापर्यंत जातात. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, खाली लोंबला तर खाली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं, ताई. शब्द सापडत नाहीत. येतील, किंवा नाही येणार." पहिले काही आठवडे हे 'त... त...' करायचे. एकदा नशिराबादचं जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं, ह्यांनी खूप जोर लावला, तोंडातून लाळ आली, त्या माणसानं नजर दुसरीकडे वळवली. त्या दिवसापासून ह्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. मीच दोघांचं बोलते. विचारतेही मीच आणि उत्तरही मीच देते.

त्या रविवारी सकाळी मी पूजा केली होती, हे मला विसरता येत नाही. आमच्या घरात खंडेराव. रविवारी देवापुढे भंडारा वाहायचा, कपाळी लावायचा आणि मोठ्यानं येळकोट म्हणायचा, ही सासरची रीत मी लग्नापासून पाळली. माझा आवाज तर काय, परमेश्वरानं स्टँडसाठीच घडवलेला. त्या सकाळीही मी खणखणीत येळकोट म्हटला, ह्यांच्या कपाळाला भंडारा लावला, आणि तो भंडारा कपाळावर असतानाच हे पडले. दवाखान्यात नर्सनं तो ओल्या कापसानं पुसून काढला. मी बघत होते. तेव्हापासून मी येळकोट म्हटला नाही. तसबिरीला पाठ केली नाही, तेवढी हिंमत नाही माझी, पण दिवा लावला नाही, भंडाऱ्याची डबी उघडली नाही. रविवार आला की कपडे धुवायला घेते. रागच आहे मला, त्यात लपवायचं काय? तू राजा ना? खंडेराव राजा, पिवळ्या धमक गडावरचा? मग तुझ्या राज्यात एका वायंडिंगवाल्याचा हात राखता आला नाही तुला?

आणि माईकपुढे अडले त्याच सकाळी, मी ड्यूटीवर निघता निघता, आबांचा फोन आला होता. आबा म्हणजे माझे सासरे, भटूआबा. शिंदखेड्याजवळच्या गावात धाकट्या मुलाकडे, नवलभाऊंकडे राहतात. ऐकायला कमी येतं म्हणून फोनवर ओरडतात. "सुलक्षणा, चंपाषष्ठीले या बरं दोन्ही."

"आबा, ह्यांना कुठे आणता येतंय एवढ्या लांब?"

"नवल गाडी ली येस. तळीले त्यानी जागा शे."

तळी म्हणजे चंपाषष्ठीला तांब्याच्या ताटात पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा भरून पाच पुरुषांनी मिळून ते ताट देवापुढे वर उचलायचं, तीन वेळा, प्रत्येक वेळी येळकोट करत. आमच्या घराण्यात पाचातली एक जागा ह्यांची, थोरल्या मुलाची. जळगावात दुकान असो, सीझन असो, हे त्या दिवशी गावी जाणार म्हणजे जाणार. मी म्हटलं, "आबा, त्यांचा हात उठत नाही. गल्लीतलं कुणी घ्या की पाचवं."

"जागा त्यानी शे ती," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे तसाच खिशात टाकला असणार, कारण बराच वेळ मला खरखर आणि त्यांचं खोकणं ऐकू येत होतं.

मला काय दिसत होतं सांगू? भरलेलं अंगण, सगळी भाऊबंदकी उभी, सगळ्यांच्या नजरा ह्यांच्या हातावर. आणि तो हात घसरतो. ताट पडतं. बायका तोंडाला पदर लावतात. नशिराबादच्या त्या माणसासारखी सगळी नजर दुसरीकडे वळवतात. दुकान गेलं, बोलणं गेलं, एवढी एक गोष्ट राहिली होती की गावात अजून कुणी ह्यांना असं पाहिलं नव्हतं. ती मी का घालवू? मी ठरवलं, जायचं, कारण आबा बहात्तरच्या दुष्काळातही हलले नाहीत ते आता काय हलणार, पण तिथे जाऊन स्पष्ट नाही म्हणायचं. ह्यांना खुर्चीवर बसवायचं, लांब, ओट्यावर. पाचवा हात दुसऱ्याचा. आणि माझ्या मनात आणखी एक होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मनातल्या मनात मी त्याला बजावलं होतं. बघ हं. तुझ्या दारात घेऊन येतेय. शेवटचं. ह्यावेळी तू काही दाखवलं नाहीस, तर माझ्या तोंडून तुझं नाव पुन्हा निघणार नाही. देवाला धमकी द्यायची बुद्धी कुणाला होते? मला झाली. मी काही गरीब गाय नाही.

नवलभाऊ गाडी घेऊन आले. ह्यांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला, उजवा हात मांडीवर नीट ठेवला. मी मागे. एरंडोल, पारोळा, धुळे. धुळ्याला चहा प्यालो, ह्यांना बशीतून पाजला, आणि सोनगीर सोडून आत वळलो. वेचणी झालेल्या कपाशीच्या काड्या शेताशेतांत उभ्या होत्या. हे काचेतून बाहेर बघत होते. पाठीमागून मला त्यांचा कान आणि मानेवरचे पांढरे केस तेवढे दिसत होते, न्हाव्यानं नीट न काढलेले. लग्न नवं असताना ह्याच रस्त्यानं आम्ही मोटारसायकलवर यायचो. पुढे टाकीवर एखादी दुरुस्त केलेली मोटार, मागे मी, माझ्या मांडीवर पिशवी, आणि खड्डा आला की ह्यांचं एकच, "धर ना वं!" मी म्हणायची, "धरलंय ना, ओरडता काय!" पुढे संसारभर तेच. शिडीवर चढले की "धर ना वं", मोटार उचलायची तर "धर ना वं", मयुरीला आंघोळ घालताना साबणाच्या हातांनी मूल निसटायला लागलं की "धर ना वं!" आणि मी प्रत्येक वेळी आधीच धरलेलं असायचं. ओरडल्याशिवाय त्यांचा विश्वासच बसायचा नाही. मला त्याचा किती राग यायचा! आता ह्या गाडीत, ह्या शांत मानेकडे बघताना, एकदा ओरडा हो, असं मला मनापासून वाटलं आणि डोळे भरून आले. नवलभाऊंना आरशात दिसू नये म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

तेवढ्यात गाडी थांबली. पुढे मेंढ्या. सगळा रस्ता भरून मेंढ्या, आणि त्या आमच्याच दिशेनं चाललेल्या, म्हणजे आम्हाला त्यांच्या शेपट्या बघत मागून सरकायचं. पुढे घोड्यावर संसार लादलेला, त्यावर कोंबड्या बांधलेल्या, बायका पुढे निघून गेलेल्या. सगळ्यात मागे, अगदी आमच्या बोनेटसमोर, एकटा मेंढपाळ. खांद्यावर घोंगडी. नवलभाऊंनी हॉर्न दिला. तो हलला नाही. पुन्हा दिला. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझं डोकं फिरलं. काच खाली करून मी स्टँडवरच्या आवाजात ओरडले, "अहो दादा, बहिरे आहात का? घरात आजारी माणूस आहे!" घरात नाही, गाडीत, पण रागात कुठे सुचतं! तो थांबला, बाजूला झाला, तेव्हा दिसलं की त्याच्यापुढे एक मेंढी चालली होती, पाय ओढत, आणि त्याच्या घोंगडीच्या खोळीतून इवलंसं ओलं डोकं बाहेर आलेलं. "आजच व्यालीय ती, बाई," तो म्हणाला. "तिच्या चालीनं चालतोय. जाऊ द्या थोडं." त्यात ना गयावया होती ना उद्धटपणा. मी काच वर केली. नवलभाऊंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि आम्ही त्या मेंढीच्या चालीनं चालू लागलो. ह्यांचा डावा हात वर आला आणि त्यांनी पंजा काचेला लावला. तसाच ठेवला, मेंढ्या फाट्यावरून शेतात वळेपर्यंत.

ह्यांना मेंढ्यांचं वेड लहानपणापासून. आबा दर वर्षी शेतात मेंढ्या बसवायचे, खतासाठी. मेंढपाळांचा वाडा, म्हणजे तळ, आला की हे शाळा बुडवून तिथेच. माझं लग्न झालं त्या वर्षीही वाडा बसला होता, आणि नवी सून म्हणून मी जेवणाचा डबा घेऊन शेतात गेले. आबा मेंढपाळांबरोबर घोंगडीवर बसून खंडेरावाची गोष्ट सांगत होते. आपल्याकडे ती सगळ्यांना माहीत असते, मलाच नव्हती, माझं माहेर भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधलं. राजा जेजुरीचा गड सोडून इकडे आला, मालेगावजवळ चंदनपुरीला, धनगराची बानाई मनात भरली म्हणून. पण राजा म्हणून नाही आला. म्हाताऱ्या गड्याचं सोंग घेतलं आणि तिच्या बापाच्या मेंढ्या राखायला राहिला. शेण काढलं, कोकरं उचलली, घोंगडीवर झोपला. मी तेव्हा बीएस्सी झालेली, तोंडाळ. म्हटलं, "आबा, राजा होता तर नुसता हुकूम सोडायचा. मेंढ्या कशाला राखायच्या?" मेंढपाळ हसले. आबा हसले नाहीत. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "राजाले सांगनं पडस, बेटा. अर्ज करना पडस. मेंढक्याले सांगनं पडत नही. मेंढरूले कोठे बोलता येस?"

हे वाक्य मला त्या गाडीत आठवलं आणि मी आतून पेटले. मेंढराला बोलता येत नाही, बरोबर. ह्यांनाही येत नाही आता. मग कुठे आहे तुमचा मेंढक्या, आबा? मला तर पुढे कुणी चालताना दिसत नाही. मी स्टँडवर ड्यूटी करते, घरी येऊन ह्यांना पुसते, भरवते, औषधं, व्यायाम, दुकानाचं कुलूप, मयुरीचा पुण्याहून रोज फोन येतो तिला हसून दाखवायचं. मी एकटीच चालतेय की. इतकी दमलेय मी, देवा. हे 'देवा' तोंडातून निघालं, सवयीनं, आणि मी जीभ चावली.

गावी पोचलो तेव्हा अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केलेला होता आणि नवलभाऊंची बायको पुनम त्यात वांगी भाजत बसली होती. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे, हा देवाचा नैवेद्य. आमच्याकडे त्याआधी चातुर्मासात वांगं खायचं नाही, म्हणून त्या धुराच्या वासाला गल्लीतली पोरंटोरं आणि कुत्री सगळी गोळा होतात. खंडेरावाच्या दिवशी कुत्र्याला हाकलायचं नाही, आधी त्याला घास. पुनमनं मला मिठी मारली, काळे हात बाजूला धरून. आबा ओट्यावरून उतरले. किती वाकले होते! ह्यांच्यापुढे उभे राहिले, बराच वेळ बघितलं, आणि मला वाटलं आता रडतील. त्यांनी ह्यांचा उजवा हात उचलला, उलटा केला, तळवा बघितला, वायंडिंगच्या तारेचे जुने घट्टे अंगठ्यानं चाचपले.

"मरेल नही," म्हणाले. "झोपेल शे." हात मेला नाही, झोपलाय नुसता, असं त्यांचं म्हणणं.

"आबा," मी म्हटलं. ठरवून आले होते, लगेच बोलून टाकायचं होतं. "ह्यांना तळीला उभं करायचं नाही. हात घसरेल. सगळ्यांपुढे शोभा होईल. मी नाही करू देणार."

झुलालनाना, आबांचे चुलतभाऊ, पागोटं बांधता बांधता थांबले. नवलभाऊ हळूच म्हणाले, "वैनीचं खरंय, आबा. शेजारच्या नवीनला घेतलंय मी चौथा, त्याचा भाऊही येईल. पाच होतील." मी ह्यांच्याकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. त्यांना समजतं सगळं, डॉक्टर म्हणाले होते. आपल्यासमोर आपली जागा दुसऱ्याला वाटली जाताना ऐकणं कसं असेल? बायकोच वाटतेय, तीही आपल्या भल्यासाठी. माझा चेहरा गरम झाला, तरी मी हटले नाही.

आबा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. "पडनं ताट तर पडू दे," म्हणाले. "जमीन बी त्यानीच शे, भंडारा बी त्यानाच. काय बिघडी?" मी म्हटलं, "आबा, तुमचा देव बघतोय ना सगळं? मग ह्यांच्या वेळी कुठे होता? मला नाही दिसला पुढे." हे मी बोलले. सगळ्या भाऊबंदकीसमोर, चंपाषष्ठीला, सासऱ्याला. पुनमनं माझा दंड धरला. आबांना नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे, त्यांनी कान पुढे केला, मग मान हलवली. "मेंढक्या पुढे दखाना नही, बेटा. तो मागे चालस. जी लंगडी ऱ्हास, तिना मागे." आणि एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मला रस्त्यावरचा तो माणूस आठवला. मी त्याला बहिरा म्हणाले होते.

मी आणखी भांडले असते, पण ह्यांनी काठी टेकवली आणि स्वतःहून उठले. कुणी हात दिला नाही, देऊ दिला नाही त्यांनी. खुरडत खुरडत देवघरापुढच्या पडवीत गेले आणि आपल्या जागी उभे राहिले. आबांच्या उजव्या हाताला, खांबाला टेकून. वर्षानुवर्षं तिथेच उभे राहायचे. झालं, आता मी काय बोलणार? मी दाराच्या चौकटीपाशी पुनमजवळ थांबले. तळी पुरुषांची, आम्ही बायका लांबून बघायचं, अशीच रीत. खाली आबांची काळी घोंगडी अंथरलेली, तिच्यावर सोनगीरहून आणलेलं तांब्याचं जुनं ताट. पाटावर चांदीचे टाक, इवलासा घोड्यावरचा राजा. राजाला बसायला मखमल नाही, घोंगडी. हे मी इतकी वर्षं बघत होते, पण असं बघितलं नव्हतं. झुलालनानांनी भंडारा ओतला, अगदी शीग लावून. मला वाटलं, थोडा कमी ओता हो.

आबा, नवलभाऊ, झुलालनाना, नवीन, असे चार जण वाकले. हे वाकू शकत नव्हते म्हणून त्यांनी ताट ह्यांच्या कमरेपर्यंत आणलं. आबांनी ह्यांचा उजवा हात उचलून ताटाच्या काठाखाली सरकवला, बोटं एकेक करून मुडपली. डावा हात काठीवर होता, तो लागणारच. आता बोल, मी त्या चांदीच्या घोड्याला म्हणत होते. आता दाखव. आबांनी आरोळी दिली, सगळ्यांनी उचलली, ताट छातीपर्यंत गेलं, आणि मी फक्त ह्यांच्या ओठांकडे बघत होते. मिटलेले. सगळं गाव येळकोट म्हणत होतं आणि ते ओठ मिटलेले. बरं, मी म्हटलं. ठीक आहे. कळलं मला.

दुसऱ्यांदा उचललं आणि हात घसरला. जसा मी रोज मनात पाहत होते तसाच. आधी करंगळी सुटली, मग सगळा पंजा, आणि ताट ह्यांच्या बाजूला कललं. भंडारा ह्यांच्या शर्टावर, धोतरांवर, घोंगडीवर. एक खोबऱ्याची वाटी गडगडत उंबऱ्यापर्यंत आली, माझ्या पायाशी. येळकोट अर्ध्यावर तुटला. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकेना. नवलभाऊ ताट सावरायला झटत होते, झुलालनानांचा चेहरा पडला होता, आणि हे, पिवळे झालेले, देवाकडे नाही, आबांकडे नाही, गर्दीत कुणाला तरी शोधत होते. मान वळवून वळवून. मी त्यांना सापडले. कपाळाला आठी पडली. तीच, शिडीवरची, मोटारसायकलवरची आठी.

"धर ना वं!"

स्पष्ट. चिडून. पूर्ण वाक्य.

मी उंबरा कधी ओलांडला मला माहीत नाही. खोबरं पायाखाली आलं असेल, आलं तर आलं. मी त्यांचा उजवा हात पुन्हा ताटाखाली घातला आणि त्याच्याखाली माझा घातला, दोन्ही हात, घट्ट. तो हात गार होता आणि जड होता, आणि मला त्याचं वजन चालत होतं. बायकांनी तळीला हात लावायचा नसतो, असं कुणीही म्हणालं नाही. आबांचं तोंड थरथरत होतं, त्यांना आरोळी देता येईना. झुलालनाना नुसते बघत राहिले. मग कुणीतरी सुरू करायला हवंच होतं ना? मी तोंड उघडलं. पोळ्यापासून कोंडलेला आवाज होता तो, स्टँडवरचा, सगळ्या फलाटांना पुरणारा. "येळकोट! येळकोट!" गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली, बाहेरच्या बायकांनी उत्तर दिलं, ताट वर गेलं, छातीच्या वर, कपाळाच्या वर. "जय मल्हार!" भंडारा माझ्या डोळ्यांत गेला, तोंडात गेला. मी धमकी दिली होती आणि आता तीच मी गळा फाडून त्याचं नाव घेत होते, आणि मला लाज वाटत नव्हती. तिसऱ्यांदाही उचललं. मग ताट हळूच घोंगडीवर टेकवलं.

चौघांनी हात काढून घेतले. माझा निघेना, कारण ह्यांचा त्यावर होता. हे माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते, पुढचा शब्द शोधत होते, कदाचित माझं नाव, कदाचित दुसरं काही. सापडत नव्हता. उद्या सापडेल का, पुन्हा कधी सापडेल का, डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही. पण ह्यावेळी त्यांनी नजर खाली घातली नाही. आबा खांबाला धरून उभ्या उभ्या रडत होते आणि रडता रडता मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर टाकत होते. सगळे माझ्याकडे बघताहेत, मी काहीतरी बोलावं असं सगळ्यांना वाटतंय, हे मला कळत होतं. आणि मला एकच बोलता येत होतं, जे मी लग्नापासून बोलत आले होते.

"धरलंय ना," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. "धरलंय ना, ओरडता काय!"